जयवंताचा पहिला रिकामा हिवाळा

वर्धेला राहायला आल्यावर जयवंताला सगळ्यात जड गेली ती पहाट.

गावाकडे पहाट कधी आली आणि कधी गेली ते कळतही नसे. जाम या गावाच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत वळलं की तिचं गाव. जमीन थोडी, पण विहिरीला पाणी, त्यामुळे सासरी आजेसासऱ्यांपासून भाजीपालाच. मेथी, पालक, वांगी आणि सांबार. कोथिंबिरीला तिकडे सांबारच म्हणतात. हिवाळ्यात भाजी जोरात येते आणि पिकवणाऱ्याची झोप जाते. अंधारातच दवाने भिजलेल्या वाफ्यात बसायचं, बोटं आखडली तरी जुड्या बांधत राहायचं, कारण उजाडायच्या आत माल जामच्या चौकात गेला पाहिजे. लग्न झालं त्या वर्षापासून जयवंताने हिवाळा असाच पाहिला होता. थंडीत लोक मजा करतात हे तिने ऐकलं होतं. ते लोक कोण, हे तिला ठाऊक नव्हतं.

यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. नवरा डोमाजी, त्याच्या कमरेने दगा दिला. फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि मुलगी आचल हिला सेवाग्रामला नर्सिंगला प्रवेश मिळाला. धाकटा दीर कैलास म्हणाला, "दादा, वावर मी पाहतो. तुम्ही जा." डोमाजीला वर्धेत एका शाळेच्या बागेत माळीकाम मिळालं, आर्वी नाक्याजवळच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, आणि दिवाळी झाल्यावर तिघंही सामान घेऊन आली.

सवयीने जयवंताचे डोळे अंधारातच उघडत. उठून ती चूल पेटवायला जाई तर समोर गॅस. पाणी भरायला जाई तर नळ. कामं अशी भराभर संपत की उजाडेपर्यंत ती खिडकीत नुसती उभी राही. खालून माणसं जाताना दिसत. कानटोप्या घातलेले पुरुष, स्वेटरवर शाल घेतलेल्या बायका, सगळे भराभर चाललेले.

"हे लोक कुठं जाते इतल्या थंडीत?" तिने एकदा आचलला विचारलं.

"कुठंच नाई, आई. फिरून वापस येते."

"कामाशिवाय?"

"कामाशिवाय."

जयवंताला ते काही पटलं नाही. ज्या थंडीपासून पळायला तिला जन्मभर जागा सापडली नाही, त्या थंडीत ही माणसं हौसेने जात होती!

डोमाजी सायकल काढून शाळेत जाई, आचल बस धरून सेवाग्रामला. मग घर एकदम मोठं वाटे. पहिल्यांदा ती बाजारात गेली तेव्हा मेथीच्या ढिगासमोर उभी राहून तिला कसंसंच झालं. आपण भाजी विकत घेतोय! जुडी उचलून तिने देठ पाहिले, सकाळची तोडलेली आहे की कालची ते ओळखलं, आणि विकणाऱ्या बाईचे भेगा पडलेले हात दिसले तशी भाव न करता पिशवीत टाकली.

हळूहळू मात्र एकेक गोष्ट गोड लागू लागली. गिझरच्या पाण्याची पहिली बादली अंगावर घेतली तेव्हा ती एकटीच हसली होती. दुपारी स्लॅबवर, म्हणजे गच्चीवर, ऊन असं पसरे की चटई टाकून पाठ शेकत बसावं, एखादं संत्रं सोलावं, सालीचा वास बोटांना तसाच राहू द्यावा. एकदा ती तिथेच झोपून गेली. जागी झाली तर ऊन उतरणीला लागलेलं. भर दिवसा, ऐन हंगामात, आजारी नसताना ती आयुष्यात पहिल्यांदा झोपली होती. ती दचकून उठली, खाली जाऊन उगीच एकदा भांडी घासली, तेव्हा कुठे मन ताळ्यावर आलं.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहत, रुख्मिणीताई. पोस्टातून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या, सडसडीत. सकाळी सलवार-कमीज, पायात पांढरे कापडी बूट. थंडी पडली की गल्लीत दोन खांबांना जाळी बांधून बॅडमिंटन खेळायचा त्यांचा जुना नेम. समोरच्या घरातली मयुरी त्यांची जोडीदार होती. तिच्या नवऱ्याची बदली पुलगावच्या डेपोत झाली आणि ती दसऱ्यालाच निघून गेली. जाळी बांधलेली होती, पण खेळायला कोणी नव्हतं.

एका सकाळी त्यांनी खालून हाक मारली. "जयवंताबाई, जरा खाली या."

जयवंता पदर खोचून धावत आली. "काय झालं ताई? नळ गेला का?"

"नळ नाही गेला. हे धरा." त्यांनी तिच्या हातात रॅकेट दिली.

"मी? अन् हे?" जयवंताने ती झाऱ्यासारखी धरली. "ताई, माह्यं वय पाहा. लोक हसतीन."

"तुमच्यापेक्षा माझं वय जास्त आहे. मला हसून हसून लोक दमले. या."

पहिले काही दिवस बॅडमिंटनचं फूल एकीकडे आणि बॅट दुसरीकडे असा प्रकार चालला. रुख्मिणीताई पलीकडून सांगत, "फुलाकडे पाहा, माझ्याकडे नका पाहू." जयवंता साडी वर खोचून, चपला काढून, गार रस्त्यावर अनवाणी पळत राही. आठवडा असाच गेला. मग एका सकाळी फूल उंचावरून, बरोबर डोक्यावर आलं. माहेरी लहानपणी ती ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून गोफणीने पाखरं हाकत असे. खांद्याला ते आठवलं असावं. तिने हात मागे नेला आणि असा फटका दिला की फूल रुख्मिणीताईंच्या डोक्यावरून, कडुनिंबावरून, शेजारच्या घराच्या स्लॅबवर जाऊन पडलं.

रुख्मिणीताई मान वर करून पाहतच राहिल्या. "अहो, ते फूल आहे, दगड नाही!"

जयवंताला असं हसू फुटलं की पायरीवर बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं. रुख्मिणीताईही शेजारी बसल्या. पलीकडच्या घरातला माणूस पेपर खाली ठेवून पाहू लागला, तरी दोघींचं हसू थांबेना.

त्या दिवसापासून पहाटे उठायला कारण मिळालं. अंग गरम झालं की रुख्मिणीताईंच्या ओट्यावर आल्याचा चहा. रविवारी आचलही खाली येई आणि आईकडून हरून तणतणत वर जाई.

पौष लागला आणि भैयाजी आले. भैयाजी म्हणजे डोमाजीचे थोरले चुलतभाऊ, जयवंताचे भासरे. गावात त्यांच्या शब्दाला वजन. सेवाग्रामला डोळे दाखवायचे होते म्हणून मुक्कामाला राहिले. सकाळी ते दात घासत गॅलरीत उभे राहिले, आणि खाली रस्त्यावर भावजय साडी खोचून उड्या मारताना त्यांना दिसली.

रात्री जेवताना, भाकरी मोडता मोडता, ताटाकडे पाहत म्हणाले, "डोमा, शहरात आल्यावर मानसानं बदलावं, पण किती? घरची बाई रस्त्यावर नाचून राह्यली. आपल्या घरची चालच नाई ते."

डोमाजी जेवत राहिला. तो मुळातच कमी बोलणारा. आचलने तोंड उघडलं, तोच जयवंताने तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि भाजी वाढायला उठली.

भैयाजी गेल्यावर आचल भडकली. "डोळे दाखवाले आलते, अन् तेवढं बरोबर दिसलं त्याइले!"

"मोठ्या मानसाले असं बोलू नोको," जयवंता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खालून हाक आली तेव्हा तिने डोकं दुखत असल्याचं सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मग हाक येईनाशी झाली. खालून नुसता टक टक आवाज येई. रुख्मिणीताई भिंतीवर फूल मारत एकट्याच खेळत होत्या. जयवंता खिडकी लावून घेई. भैयाजी चुकीचं बोलले असंही तिला ठामपणे म्हणता येत नव्हतं. आपण नाचतच होतो की काय, लोकांना कसं दिसत असेल, डोमाजी गप्प राहिला म्हणजे त्यालाही तसंच वाटतं का, हेच मनात घोळत राही. तिने नवऱ्याला विचारलं मात्र नाही.

एका संध्याकाळी डोमाजी शाळेतून आला, सायकल लावली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसला. एरवी तो तिथे कधी बसत नसे.

"खेळाले काऊन नाई जात?" त्याने विचारलं.

"असंच."

"भैयाजीमुळं?"

ती कणीक मळत राहिली. "गावात बोलतीन लोक. तुमचं नाव खराब होईन."

"माह्यं नाव इथं कोनाले मालूम आहे? झाडायले?" डोमाजी म्हणाला. "भैयाजी वर्षातून एक डाव येते. मी रोज घरी येतो. कोन्त्या दिवशी तू खेळली अन् कोन्त्या दिवशी नाई, ते मले समजते."

"कसं समजते?"

"भाजीवरून."

जयवंताने मान वर केली. "म्हंजे?"

"खेळली त्या दिवशी तू गानं म्हनत फोडनी देतं. ध्यान राह्यत नाई, मंग भाजी थोडी बुडाले लागते." तो हसला नाही, अगदी गंभीरपणे सांगत होता. "आठ दिवस झाले, भाजी बराबर होऊन राह्यली. मले ते बरं नाई वाटत."

"मंग त्या दिवशी भैयाजीसमोर काऊन नाई बोलले?"

डोमाजीने मान खाली घातली. "मले बोलाले टाइम लागते. तुले तं मालूम आहे."

तिला मालूम होतं. पंचवीस वर्षं मालूम होतं. ती पोळ्या लाटू लागली.

सकाळी ती खाली उतरली तेव्हा गल्लीत धुकं होतं. रुख्मिणीताईंनी तिच्याकडे पाहिलं, कोपऱ्यातली दुसरी रॅकेट उचलून दिली.

"थांबलं का डोकं दुखायचं?"

"थांबलं, ताई."

"मग करा सुरू. भिंत फार कंटाळवाणी खेळते."

संक्रांतीला तिघं गावी गेली. जामला एसटीतून उतरल्यापासूनच जयवंताला वाटत होतं, कोणीतरी विचारणारच. आणि झालंही तसंच. हळदीकुंकवाला बायका जमल्या, वाण देऊन झालं, आणि म्हाताऱ्या मंदाबाईने सगळ्यांसमोर विचारलं, "अवं जयवंते, तू म्हने वर्धेत रस्त्यावर उड्या मारतं?"

जयवंताने एकदा वाणाच्या ताटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मारतो, मावशी. पोस्टातल्या एक बाई आहे, त्या अन् मी. सकाळी. मले लय चांगलं वाटते."

मंदाबाईने तिचं तोंड निरखून पाहिलं. "दिसून राह्यलं," ती म्हणाली. "तोंडावर रंग आला तुह्या." आणि तिळाचा लाडू फोडू लागली. बायका हसल्या, कोणी काही, कोणी काही विचारू लागली. बूट घालता का, नवरा काही म्हणत नाही का, आणि फूल म्हणजे खरंच पाखराचं पीस असतं का.

संध्याकाळी धाकटी जाऊ छाया तिला हळूच गोठ्यामागे घेऊन गेली. तिथे तुरीच्या पेंढ्यांआड तिने काहीतरी लपवून ठेवलं होतं. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा तुकडा, आणि त्यात शेजारच्या घरून आणलेली कोंबडीची पिसं खोचलेली.

"भैयाजी सांगे ना गावभर, तवाच बनवलं," छाया लाजत म्हणाली. "बाई, मले एक डाव दाखवता का, कसं मारते ते?"

रॅकेट कुठून असणार! दोघींनी कपडे धुवायची धोपटणी घेतली. कणसाचं ते फूल जड, ते उडण्याऐवजी धपकन खाली पडे. तरी छाया सोडेना. कैलास बैलांना चारा टाकता टाकता थांबला आणि तोंड वासून पाहू लागला. आवाज ऐकून ओट्यावरून भैयाजीही काठी टेकत आले. नवा चष्मा नाकावर होता. छायाने पटकन पदर डोक्यावर घेतला, जयवंताचा हात खाली आला.

पायाशी पडलेलं कणीस भैयाजींनी काठीने जरा उलटंपालटं करून पाहिलं.

"पिसं कमी हाय त्याले," ते पुटपुटले. "अन् कनीस वाळवा लागते आधी." आणि आले तसे परत गेले.

दुसऱ्या दिवशी कैलासने तुरीच्या हिरव्या शेंगांची थैली बांधून दिली. वर्धेच्या बसमध्ये डोमाजी कंबर सांभाळत खिडकीशी बसला, आचल मागच्या सीटवर मोबाइल बघत होती. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली वावरं आणि मधूनच गव्हाचे हिरवे पट्टे मागे जात होते. थैली मांडीवर घेऊन जयवंता मनात ठरवत होती: अर्ध्या शेंगा मीठ घालून उकडायच्या, रुख्मिणीताईंना खाली हाक मारायची, आणि स्लॅबवर उन्हात बसून दोघींनी सोलत सोलत खायच्या. घाई करायची नाही.