मामाचा पहिला अंक

माझा मामा तीस वर्षं पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत काम करत होता, आणि त्याच्या स्वतःच्या गावानं त्याला एकदाही स्टेजवर पाहिलं नव्हतं. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली, नाटकं सुरू झाली, की हा कंपनीच्या गाडीत बसून परगावी. रोल तरी कोणते, तर हवालदार, नाहीतर पाटलाचा गडी. कोंढ्याकडच्या त्याच्या गावात पानठेल्यावरचे रिकामटेकडे विचारायचे, "काय गा, नाटकात काम करतोस का सतरंज्या उचलतोस?" मामा हसून सोडून द्यायचा. माझं मात्र टाळकं सरकायचं. मागची दोन वर्षं तर कंपन्यांनी त्याला बोलावलंही नव्हतं. वय झालं म्हणे!

म्हणून कॉलेजात शॉर्टफिल्म करायचं ठरलं तेव्हा मी हीरोसाठी दुसरं नावच काढलं नाही. मी जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली पोरगी. आम्ही चार मैत्रिणी, एक मोबाईल आणि उसना माईक, एवढा लवाजमा घेऊन मामाच्याच गावी गेलो. गोष्ट साधी होती. लेक नोकरीसाठी गाव सोडते आणि बापाच्या तोंडून शब्द फुटत नाही.

पण आमच्या फिल्ममधल्या बापाच्या, म्हणजे मामाच्या, तोंडून शब्द असे फुटले की विचारू नका. मी सांगायची, "मामा, हळू. चुलीजवळ बसलाय, लेक हातभर अंतरावर आहे." ॲक्शन म्हटलं की मामा ताडकन उभा राहायचा, छाती पुढे काढायचा, मोबाईलकडे तोंड करायचा आणि शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणायचा, "जाय पोरी, जाय!" वर टाळीसाठी थांबायचा! दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर किंचाळले, "मामा, इथे पब्लिक नाही! हे नाटक नाही!"

मामानं खांद्यावरचा दुपट्टा झटकला. "तुले पायजे तसं मले जमत नाही, बाई. दुसरा कोणी पाह्य." आणि चालू लागला शेताकडे.

मामीनं मग माझी चांगली हजेरी घेतली. "लय शिकली ना वं तू? दोन सालापासून हा माणूस गुमसुम बसून राहिला होता. तुहा फोन आला त्या दिवशी दाढी केली त्यानं. गावभर सांगून बसला, भाचीच्या पिच्चरमंदी मी हीरो आहो म्हणून. आता नाही झाला, तर गाव जगू देईल का त्याले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गावावर मी इतकी वर्षं दात खात होते, त्याच्या हातात कोलीत मीच देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाची माफी मागितली आणि चुलीजवळचे सगळे शॉट उडवले. माईक मामाच्या दुपट्ट्यात खोचला, त्याला तलावाच्या अलीकडच्या पाळीवर उभं केलं आणि मोबाईल घेऊन स्वतः पलीकडच्या काठावर गेले. लेक बॅग घेऊन पलीकडच्या रस्त्यानं निघाली आहे आणि बापाला आत्ता कुठे बोलायचं सुचलंय, असा सीन केला. मी ओरडले, "मामा, शेवटची रांग इकडे आहे! होऊन जाऊ द्या!"

आणि मामा ओरडला. "पोरी, पोचली का फोन करजो वंऽऽ!" अख्ख्या तलावावरून तो आवाज आला. धानाच्या बांधीत निंदण करणाऱ्या बायांनी माना वर केल्या. त्यातल्या एकीनं तर खरोखर उत्तर दिलं, "हो जी!" तिच्या त्या उत्तरासकट तो शॉट आम्ही ठेवला.

फिल्म तयार झाली. मैत्रिणी म्हणाल्या, इन्स्टावर टाकू. म्हटलं, पानठेल्यावरचे इन्स्टावर आहेत काय? नाटकाचं छापतात तसं रंगीत पोस्टर छापलं, मधोमध मामाचा फोटो, हा एवढा मोठा. ऑटोवर भोंगा बांधला आणि आजूबाजूची गावं पालथी घातली. माईक माझ्याच हातात. "मुख्य भूमिकेत, आपल्या मातीतले कलावंत! सहकुटुंब या, मंडळी!" बोलण्याच्या भरात एक गोष्ट सांगायची राहिली. फिल्म अठरा मिनिटांची होती.

मंडईच्या दिवशी दुपारी पंचायतीच्या हॉलच्या खिडक्या आम्ही ताडपत्र्यांनी झाकल्या. लोक बसायला पोत्यांचे बोरे, चटया, लेकरंबाळं घेऊन आले. पाय ठेवायला जागा नाही! फिल्म लागली. कोणी हूं की चूं केलं नाही. पडदा काळा झाला, दिवे लागले, आणि अख्खा हॉल उठून बाहेर चालू लागला. टाळी नाही, शिटी नाही. सगळ्यात आधी पानठेल्यावरचेच निघाले.

मामा भिंतीला टेकून उभा होता. "चाल," तो म्हणाला, "सामान आवर." मी रडत रडत वायरी गुंडाळायला घेतल्या.

दहा मिनिटांनी दारात गलका झाला. हातात भज्यांचे पुडे घेऊन लोक परत येत होते आणि आपापल्या बोऱ्यावर बसत होते. पानठेल्यावरचा सगळ्यात टारगट माणूस माझ्यावर खेकसला, "काय करून राहिली वं? दुसरा अंक लाव ना!"

मी बघतच राहिले. आमच्याकडच्या नाटकात अंकाचा पडदा पडला की पब्लिक चहाला जातं आणि पुढच्या अंकाला परत येतं. एवढी साधी गोष्ट मी विसरले होते! म्हटलं, "काका, संपलं. एवढंच आहे."

"एवढंच?" त्यानं हॉलकडे पाहिलं. "मंग तेच लाव पुन्हा. वन्स मोअर!"

मग ज्या शिट्ट्या पडल्या! दिवस मावळेपर्यंत आम्ही ती फिल्म चार वेळा दाखवली. भोंग्याची गरजच राहिली नाही, लोकच लोकांना हाताला धरून आणत होते. मी नाचायचीच बाकी होते.

दुसऱ्या खेळाला मामानं एक खुर्ची ओढली आणि पडद्याच्या बाजूला, पडद्याकडे पाठ करून, त्याच्या उजेडात दिसणाऱ्या लोकांकडे तोंड करून बसला.

"मामा, पिच्चर तिकडे आहे," मी कुजबुजले.

त्यानं लोकांवरची नजर हलवली नाही. "पिच्चर राहू दे, बाई. तीस वर्षं स्टेजवर उभा राहिलो, पण डोळ्यावर लाईट राह्यते ना, पब्लिकचं तोंड कधी दिसलंच नाही. आज पाहून घेऊ दे."