डाळिंबाच्या सौद्यात मामेसासरे

मुंबईचा शेअरबाजार ज्या दिवशी गप्प झाला त्याच दिवशी तो बंद पडला, आता चालतो तो नुसता भास, असं सोलापूरच्या भवानी पेठेतल्या ओट्यावरून अख्ख्या गल्लीला ऐकवणारा माणूस भूतलावर एकच, आणि ते माझे मामेसासरे. तरुणपणी ते तिथं एका दलालाकडे कामाला होते. रिंगमध्ये, म्हणजे सौद्यांच्या दालनात, शेकडो माणसं एकदम ओरडत आणि त्या कल्लोळातून भाव निघे. तळवा आपल्याकडे केला की शेअर घेतले, समोर केला की विकले. पुढं संगणक आले आणि मामा आपला आवाज घेऊन सोलापूरला परतले. बाजाराचा इतिहास ते अशा थाटात सांगत, की वडाखाली पहिले दलाल जमले तेव्हा झाडाला पाणी घालायला बहुतेक हेच होते. माणसं वाढली, झाड पुरेना, रस्ता पुरेना, म्हणून इमारत उठली, "आन् शेवटी तिच्यात बसवली काय, तर खोकी!" जेवताना भात नको असला तरी ते वाढणाऱ्यापुढं तळवा धरून तो विकून टाकत. मी मोबाईलवर शेअर घेतो हे कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बोट दाबून भाव कळतो व्हय, जावईबापू? त्याला घसा लागतो की."

नेमका तोच घसा डॉक्टरांनी धरला. यापुढं ओरडलात तर आहे तो आवाजही जाईल, असं त्यांनी बजावलं. मामींनी पहारा बसवला आणि दुसऱ्याच सकाळी मामा पसार. मार्केट यार्डात सांगोल्याच्या डाळिंबांचे सौदे तेवढे अजून तोंडानं होतात, तेव्हा ते तिथंच असणार म्हणून मामींनी मला पिटाळलं. गर्दीपलीकडे ते दिसले. शहाण्यासारखे गप्प उभे होते, ओठ मात्र हलत होते. हाक मारून चारचौघांत शोभा नको, म्हणून मी हात उंच करून त्यांना जवळ बोलावलं.

सौदा पुकारणाऱ्या अडत्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. "धरा पावणं, माल तुमचा."

घरात ज्याला एक डाळिंब निवडू देत नाहीत, तो मी डाळिंबाच्या टेम्पोभर क्रेटचा मालक झालो. मी हात जोडले, खुलासा केला, डॉक्टरांचं नाव सांगितलं. अडत्या म्हणाला, शेतकरी समोर उभा हाय, त्याला सांगा. शेतकरी तोवर क्रेट माझ्या पायांशी उतरवायला लागला होता. मामा तरी माझ्यासाठी रदबदली करतील असं वाटलं, तर त्यांनी रिकामा क्रेट उलटा घातला आणि वर चढले. मी पाय धरले.

"सोडा," मामा म्हणाले. "सौदा झाला म्हनल्यावर फिरवायचा न्हाय. आन् आवाज माझा हाय, डॉक्टरचा न्हाय."

मग तो आवाज निघाला. पलीकडच्या कांद्याच्या आडतीतली माणसंसुद्धा वळली. माल मी घेतला त्याहून चढ्या भावानं गेला. खाली उतरल्यावर मामा मला काहीतरी सुनावायला गेले, आणि नुसती हवा आली.

आवाज परत आला नाही. मामांना त्याची खंत नाही. मामींपुढं ती दाखवायचं काम आम्ही दोघं वाटून घेतो. आता संध्याकाळी मी ओट्यावर त्यांच्या तोंडाशी कान नेऊन बसतो आणि शेअरबाजार पुन्हा वडाखालून सुरू होतो. परवा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं तिथूनच विचारलं, मामा गावाला गेले काय, लई दिवसांत ऐकू आले न्हाईत. "हितंच हाईत की!" मी ओरडलो. माझ्या आवाजानं गल्लीतलं कुत्रंही उठलं नाही. मामांनी मात्र माझ्यापुढं तळवा धरला आणि माझा आवाज विकून टाकला.