लोर्नाची टोपली

कॉलेजांच्या आइस हॉकी स्पर्धेची फायनल आम्ही हरलो. शेवटच्या वर्षाची पोरं अंगातली जर्सी काढेनात; काढली की संपलंच सगळं. टीमच्या जर्सी धुणारी लोर्ना कपडे बदलायच्या खोलीबाहेर टोपली घेऊन बसलेली. मी टीमच्या बसवर नवा ड्रायव्हर, बाहेर बर्फ वाढत होता, वैतागलो.

"हाक मार की त्यांना. हरले तर हरले, किती वेळ?"

"बसू दे. माझा मुलगा एरो, तोही असाच हरून आला होता, जर्सी काढेना. मी म्हटलं, आटप, मशीन लावायचंय. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तळ्यावरचा बर्फ फुटला आणि तो बुडाला."

मी बसची किल्ली खिशात टाकली आणि तिच्या शेजारी बसलो.

शेवटी कॅप्टन आला. घामाने भिजलेली जर्सी त्याने तिच्या हातात दिली. लोर्नाने ती टोपलीत टाकली नाही, छातीशी धरली.

"ऊब आहे अजून," ती म्हणाली.