पुस्तकांचं बारसं

अराबा क्वान्साबाई चौथीच्या वर्गात गोष्ट सांगायला लागल्या की किनाऱ्यावर जाळी विणणारे कोळी मान वर करून ऐकायचे, असा त्यांचा आवाज. आमच्या एसुआनो गावातल्या निम्म्या लोकांनी अक्षरं त्यांच्याच हाताखाली गिरवलेली. मी त्याच शाळेत तिसरीचा मास्तर, त्यामुळं पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

पन्नाशीला टेकल्यावर बाई राजधानीला गेल्या आणि ग्रंथपालाचं शिक्षण घेऊन आल्या. शिक्षण कचेरीनं त्यांना शाळेचं ग्रंथालय दिलं, म्हणजे एक खोली दिली. पाठोपाठ पोलादी कपाट भरून कोरी करकरीत पुस्तकं आली. आमच्या हेडमास्तरांनी, एसिल्फी सरांनी, त्याच दिवशी कपाटाला कुलूप ठोकलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

सर वाईट नव्हते हो. आधीच्या शाळेत उंदरांनी नकाशे कुरतडले, तेव्हा कचेरीच्या साहेबानं त्यांना चारचौघांत झापलं होतं. ती धास्ती काही जात नव्हती.

"पोरांचे हात बघितलेत का बाई? माशाच्या तेलानं माखलेले! पुस्तकं फाटली की साहेब माझी कातडी सोलणार."

"आणि नुसती ठेवून पिवळी पडली तर?"

"पिवळी होऊ देत. अख्खी तर राहतील!"

चार वर्षं हेच चाललं. बाई पालकसभेत बोलल्या, चर्चच्या पायऱ्यांवर बोलल्या, धुरीवर मासे सुकवणाऱ्या बायांजवळ डोळे चोळत बसून बोलल्या. बाया "खरंय, खरंय" म्हणायच्या आणि मासा परतायच्या. शेवटी कचेरीचा निरोप आला. या ग्रंथालयातून एकही पुस्तक बाहेर गेलेलं नाही, सत्र संपेपर्यंत असंच राहिलं तर ग्रंथपालाची जागा बंद आणि खोलीत सिमेंटच्या गोण्या.

बाईंनी निरोप ऐकला, पदर खोचावा तसं कमरेचं कापड घट्ट केलं आणि तडक दवंडीवाल्याचं घर गाठलं. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूलाच गल्लोगल्ली आरोळी: "मंगळवारी सकाळी शाळेत क्वान्साबाईंच्या लेकरांचं बारसं हाय होऽ! समद्यांनी पांढरं नेसून यावं होऽ!"

गावाला तेवढंच पाहिजे होतं.

"या वयात?"

"आणि लेकरं म्हणतोय, बरं का. जुळी असणार."

"तरीच परवा लिंबं घेत होत्या!"

"लिंबं राहू दे गं, बाप कोण ते सांग."

मंगळवारी दर्या विसावा घेतो, होड्या वाळूत असतात. अख्खं गाव पांढरंशुभ्र होऊन लोटलं. पुढं एकुआ आजी, मासळीबाजाराची राणी. तिनं भाव काढल्याशिवाय इथं शेपटीसुद्धा विकली जात नाही. तिच्या बगलेत साबण आणि टॉवेल. सरसुद्धा पांढऱ्यात, बारशाला थेंबभर लागते म्हणून जिनची बाटली घेऊन आलेले. त्यांनाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

"बाळं कुठंयत गं?" आजीनं विचारलं.

बाईंनी कपाटाकडं बोट केलं. "आत आहेत, आजी. चार वर्षं झाली, अजून ऊन दाखवलेलं नाही."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून एक कोळी खदखदला, आणि सगळं आवार हसून लोळलं. आजी मात्र हसली नाही.

"आठव्या दिवशी लेकराला बाहेर काढतात, आणि ही चार वर्षं अंधारात? बाप कोण यांचा?"

सगळ्या माना सरांकडं वळल्या.

"मी... मी नुसता सांभाळतो," सर म्हणाले.

"मग तूच बाप. काढ किल्ली."

"आजी, फाटतील हो!"

"मला आठ पोरं. एकाचं डोकं फुटलं, एकाचे दात पडले. पोटातच ठेवली असती तर धड राहिली असती, नाही का?"

सरांनी किल्ली काढली. पहिलं पुस्तक त्यांच्याच हातात आलं, कारण नाव ठेवायचं ते बापाकडच्यांनी. आजीनं पाण्याची वाटी पुढं केली.

"भिजेल की!"

"थेंबानं बाळ विरघळतं होय रे?"

बाळाच्या जिभेला टेकवतात तसं सरांनी बोट बुडवून पुठ्ठ्याला टेकवलं आणि लेकरानं खरं बोलावं म्हणून म्हणतात ते म्हणाले, "पाणी म्हणशील तर पाणीच असू दे." मग जिनचा थेंब. "दारू म्हणशील तर दारूच असू दे."

बारशाचं लेकरू या मांडीवरून त्या मांडीवर जातं. पुस्तकंही तशीच गेली, आणि बाईंनी ज्याच्या मांडीवर जे थांबलं ते त्याच्याच घरी धाडलं. सर परत गोळा करायला उठले, तर आजीनं डोळे वटारले. "बाहेर काढलेलं लेकरू कुणी परत कोंडतं का?"

सत्र संपता संपता साहेब आले. कपाट उघडलं, तर आत मोकळं पोलाद. साहेब काही बोलणार, एवढ्यात आजी दारात.

"हे घ्या बाई तुमचं पुस्तक. नातीनं वाचून दाखवलं. शेवटाला त्या पोरीनं लफंग्याशीच लग्न केलं! दुसरं द्या, जरा शहाण्या पोरीचं."

साहेबांनी पुस्तक उचललं. पुठ्ठ्यावर माशाचा खवला चिकटलेला. त्यांनी नाक मुरडलं. "याला वास येतोय."

सरांनी पुस्तक घेतलं, हुंगलं, आणि छाती काढून म्हणाले, "येणारच साहेब. एसुआनोचं पोर आहे ते."

बाईंची जागा राहिली. सिमेंटच्या गोण्या कुठं गेल्या कुणास ठाऊक. संध्याकाळी सर कसाव्याच्या कंदाची खळ घेऊन फाटकी पानं चिकटवत बसतात. किल्ली अजून गळ्यातच असते. कपाटाला कुलूप नाही, तरी ती का, असं मी बाईंना विचारलं.

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या. "बापमाणूस आहे."