मंगलाष्टकांच्या मागचा आवाज

पुतणीनं सहज विचारलं, "काका, पप्पांचा आवाज कसा होता रे?" दादा गेला तेव्हा ती आठ महिन्यांची होती. जाड होता? बारीक होता? सख्ख्या भावाचा आवाज मला आठवेना. माझी मलाच भीती वाटली.

दांडिया बाजारात आमचा लग्नांच्या व्हिडिओचा धंदा होता. दादा शूटिंग करायचा, मी एडिटिंग. त्यामुळे तो एकाही कॅसेटमध्ये दिसत नाही. ऐकूही येत नाही, आणि ते मात्र माझ्यामुळे. कॅमेऱ्यामागून तो सारखा बोलायचा, आणि त्याचं बोलणं काढून वर सिनेमाची गाणी टाकणं हेच माझं काम होतं. मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला पुन्हा वापरायची. असे आम्ही शहाणे!

अपवाद एकच. आमच्या बडोद्याच्या मराठी लग्नांत आत्या-मावश्या स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणतात. सुराचं सोडा, पण एकीचं जरी कडवं गाळलं तरी अख्खं वऱ्हाड भांडायला दुकानात. म्हणून तेवढा आवाज मी न कापता एडिटिंगच्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, उतरवून घ्यायचो. मशीनमध्ये तीन हार्ड डिस्क होत्या. एक मशीन चालू करणारी, एक चित्रांची, एक आवाजांची. तिसरीवर दादा कुठे तरी सापडेल, एवढीच आशा होती.

माझ्या मांजलपूरच्या फ्लॅटमधल्या माळ्यावरून ते धूड खाली काढलं. बटण दाबलं तर पडदा काळाच. चालू करणारी डिस्क ठार मेली होती. चित्रांचीही गेलेली. आवाजांची तेवढी फिरत होती, पण मिक्सरमध्ये सुपारी पडावी तशी खडखडत. ती किती टिकेल याचा भरवसा नव्हता.

मांडवीजवळच्या जुन्या मालाच्या दुकानदारानं मेलेली डिस्क हातात घेतली आणि डिस्कऐवजी मलाच न्याहाळलं. "काका, आ तो म्युझियममां मूकवा जेवुं छे." म्युझियममध्ये ठेवण्याजोगं म्हणजे डिस्क की मी, ते त्यालाच ठाऊक. तरी त्यानं पोत्यात हात घालून त्याच जातीच्या दोन काढून दिल्या.

रविवारी सकाळी वहिनी आणि पुतणी येऊन बसल्या. मी पहिली डिस्क बदलली, जपून ठेवलेल्या सीडीवरून सगळे प्रोग्रॅम पुन्हा भरले, आणि मशीन चक्क चालू झालं. मग दुसरी डिस्क आवाजांच्या डिस्कशेजारी जोडून नक्कल करायला लावली. तीन तास तो खडखडाट ऐकत आम्ही चहावर चहा प्यायलो. नक्कल पुरी झाली. दहा मिनिटांनी जुनी डिस्क एकदा कण्हली आणि कायमची थांबली. दहा मिनिटं!

मग ऐकायला बसलो. आत्या झाल्या, मावश्या झाल्या, कुणाची तरी ठसका लागलेली काकू झाली. दादा नाही. पुतणीचा चेहरा उतरत चालला होता. मी घाईघाईनं पुढे जात होतो. एका लग्नात दोन कडव्यांच्या मध्ये कुणी तरी किरट्या आवाजात ओरडलं, "अहो, अक्षता हळू टाका, काचेवर येतायत!"

"कोण हा मध्येच बोंबलतोय," असं पुटपुटत मी तेवढा तुकडा निवडला. हात सवयीनं कापायच्या बटणावर गेला.

वहिनीनं माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत तिनं मला कधी हात लावला नव्हता. "भावजी, थांबा. हेच आहेत ते."

काच म्हणजे कॅमेऱ्याची. दादाच होता तो. जो आवाज मी वर्षानुवर्षं रोज ऐकला, तो फक्त कापण्यासाठी ऐकला होता. कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो एवढंच पाहत होतो. बटण दाबलं असतं तरी नकलेवरची फाइल राहिली असती, हे मला कळत होतं. पण मग मी पुढचं लग्न लावलं असतं, आणि शेवटी पोरीला सांगितलं असतं, बाळा, नाही सापडला.

पुतणी तोंडावर दोन्ही हात ठेवून बसली होती. "परत लाव ना, काका," ती म्हणाली.

मला लावता येईना. शेवटी तिनंच माउस आपल्याकडे ओढला, कारण वहिनीनं अजून माझं मनगट सोडलं नव्हतं.