खुर्चीतलं खुर्चीत

आबांनी उभा जन्म लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला, पण एकाही गळ्याची तक्रार आली नाही. हात हलका होताच, पण गिऱ्हाइकं टिकली ती तोंडामुळे. म्हणजे, बंद तोंडामुळे. न्हाव्याच्या खुर्चीत माणूस बसला, गळ्याभोवती कापड आलं, तोंडाला फेस लागला, की त्याचं मन आपोआप सैल होतं. बायकोला न सांगितलेलं माणूस न्हाव्याला सांगतो. आबांचा नेम एकच: खुर्चीतलं खुर्चीत. केस झाडून टाकायचे, गोष्ट पोटात ठेवायची.

एकदा काय झालं, एकाच दुकानाचे दोन भागीदार पाठोपाठ दाढीला आले. पहिला म्हणाला, "आबा, या दुसऱ्याचं तोंड बघवत नाही, आता वेगळं व्हायचंच." तो गेला, दुसरा बसला, आणि त्यानंही शब्दाला शब्द तेच ऐकवलं. आबा दोघांनाही "हं" म्हणाले. घरी बायकोनं विचारलं, "काय म्हणत होते हो दोघं?" आबा म्हणाले, "म्हणत होते, कल्ले जरा आखूड ठेवा." आता बोला!

तर असे हे आबा. बायको गेली, मागोमाग न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, आणि मुलानं त्यांना शुश्रूषागृहात आणून ठेवलं. मुलगा वाईट नव्हता बरं का. नवरा-बायको दोघंही नोकरीवर, घरात उचलायला-बसवायला कोण? दर रविवारी यायचा, केळी आणायचा, खुर्चीच्या कडेवर टेकायचा आणि घड्याळाकडे न बघायचा प्रयत्न करायचा.

हाड जुळलं. आबा काही जुळले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टर फेरीवर आले की विचारायचे, "काय आबा, कसं काय?" आबा म्हणायचे, "झकास." डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळायचे. मुलगा म्हणायचा, वय झालं. सूनबाई म्हणायची, सासूबाईंची आठवण येत असेल. वय काय, आठवण काय, ही मोठी सोयीची उत्तरं असतात. एकदा दिली की पुढं काही विचारावं लागत नाही.

विचारलं ते सकाळपाळीच्या सिस्टरनं. तिला दिसलं की आबांचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबतोय, आणि उभा जन्म दुसऱ्यांच्या दाढ्या केलेल्या माणसाची स्वतःची दाढी रानासारखी माजलीय. तिनं खिडकीपाशी खुर्ची ओढली, गळ्याला टॉवेल बांधला आणि फेस केला.

"अगं पोरी, भिंत रंगवतेस का?" आबा पहिल्याच दिवशी म्हणाले. "कातडी ताण. केसाच्या ओढीनं चल."

"असं?"

"असं. आता जरा माणसात आलीस."

कितीतरी दिवसांनी आबांच्या तोंडून थट्टा निघाली होती. मग रोजचंच झालं. ती दाढी करायची, आबा चुका काढायचे. आणि एका सकाळी, मान मागे टाकून, डोळे मिटून आबा बोलून गेले.

"सिस्टर, सकाळी डोळा उघडला ना, की मला राग येतो. परत उघडला म्हणून."

तिचा हात थांबला नाही. "म्हणून जेवत नाही का?"

"जेवण जात नाही म्हणून नाही सोडलं मी. जगायचं नाही म्हणून सोडलंय. ताट शेजारी सरकवतो. हळूहळू दिवा विझेल. कुणाला त्रास नाही, कुणाच्या जिवाला घोर नाही." मग डोळे उघडून म्हणाले, "हे तुझ्या-माझ्यात. कुणाला सांगू नकोस."

"बरं, आबा," ती म्हणाली आणि हनुवटीखालचा फेस पुसला.

त्या "बरं"वर आबा विसंबले. त्यांना वाटलं, हीसुद्धा आता आपल्याच धंद्यातली झाली.

पण दवाखान्याच्या धंद्याची रीत वेगळी. तिथं पाळी बदलली की जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला खाटेखाटेशी नेते आणि तिथंच, पायथ्याशी उभी राहून सगळं सांगते: कोण झोपलं, कोण ओकलं, कुणाची जखम ओली आहे. आबा रोज डोळे मिटून ते ऐकायचे आणि मनात हसायचे. सलूनमधल्या गप्पांपेक्षा रंगतदार! त्या दुपारी मात्र पायथ्याशी पावलं थांबली आणि ओळखीचा आवाज हलकेच म्हणाला, "आबांवर नीट लक्ष ठेव. जगायचं नाही म्हणतात. मुद्दाम उपाशी राहतात, ताट शेजारच्यांना देतात. डॉक्टरांच्या कानावर घातलंय, मुलालाही बोलावलंय."

आबा ताडकन उठणार होते. पण त्यांच्याआधी शेजारची खाट करकरली.

शेजारी होते पैलवान. कधीकाळी खरंच कुस्ती खेळलेले; आता पाय चालत नव्हते, भूक मात्र अजून आखाड्यात उभी होती. आबांचं अंडं, आबांचा पाव, आबांचं दूध, सगळं महिनाभर त्यांच्याच पोटात गेलं होतं.

"म्हणजे," पैलवान उठून बसत म्हणाले, "मी तुमचं मरण खात होतो?"

"पैलवान, तसं नाही..."

"मग कसं? मला वाटलं, दोस्ती म्हणून देता! मी घरी सांगितलं, शेजारी देवमाणूस मिळालाय. आणि तुम्ही मला खाटकाच्या कामाला लावलंत, तेही न सांगता?"

आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पण त्यांचा राग पैलवानांवर नव्हता, सिस्टरवर होता. दुसऱ्या सकाळी सिस्टर टॉवेल घेऊन आली तेव्हा त्यांनी मान फिरवली.

"जन्मभर लोकांचे केस कापले," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "आणि शेवटी तू माझा केसानं गळा कापलास."

"आबा, ऐकून तर घ्या."

"बरं म्हणाली होतीस."

तिनं टॉवेलची घडी केली. मग निघून गेली.

संध्याकाळी मुलगा आला. रविवार नव्हता, केळी नव्हती. पायथ्याशी बसून लहान पोरासारखा रडला. "आबा, मला का नाही सांगितलंत?" आबांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. हेच तर नको होतं! मग मनाच्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, हा वयाचा दोष नाही, आजार आहे. औषध आहे, बोलणं आहे, वेळ लागेल. आबांनी गोळ्या घेतल्या, पण बोलण्याच्या नावानं शून्य. दाढी वाढली. ताट आलं तसं परत जाऊ लागलं.

आणि पैलवानांचंही परत जाऊ लागलं.

"तुम्ही का नाही खात?" न राहवून आबांनी विचारलं.

"कुणाचा घास आहे कळत नाही ना आता. तुम्ही खाल्लंत की कळेल. मग मी खाईन."

"सोंग आहे तुमचं. रात्री बिस्किटं चोरून खाता."

"खातो. पण त्यानं माझं भागतं का? बघा माझ्याकडे!"

पैलवानांचं पोट एवढ्यात असं गुरगुरलं, की पलीकडचे आजोबा जागे झाले. आबा हसले नाहीत. पण चडफडत अंडं उचललं, अर्धं मोडून तोंडात घातलं आणि त्यांच्याकडे रोखून बघत चावलं. "झालं समाधान?" पैलवान म्हणाले, "उरलेलं अर्धं."

दाढीचं तेवढं राहिलं होतं. खाजवून खाजवून गाल लाल झाले, तेव्हा एका सकाळी सिस्टरनं काही न विचारता खुर्ची खिडकीपाशी ओढली. आबा येऊन बसले, अबोल्यासकट.

फेस लावता लावता तीच म्हणाली, "तुमच्या खुर्चीत बसून कुणी असं सांगितलं असतं, तर तुम्ही गप्प बसला असता?"

आबांनी ओठावरचा फेस बोटानं पुसला. मग म्हणाले, "नसतो बसलो. पण त्याला तोंडावर म्हटलं असतं, बाबा, एवढं माझ्या पोटात राहणार नाही, मी सांगणार. मागून नसतं सांगितलं."

तिनं फेसाचा ब्रश खाली ठेवला.

"सांगितलं त्यात चूक नाही माझी," ती म्हणाली. "उद्याही सांगेन. पण बरं म्हणायला नको होतं. तिथं चुकले."

"चुकलीसच."

"रागावलाय अजून?"

"रागावलोय. आणि इतक्यात जायचा नाही राग, समजू नकोस." त्यांनी मान मागे टाकली. "चल, कातडी ताण."

तिनं वस्तरा उचलला. पहिला हात फिरवण्याआधी म्हणाली, "आबा, आता जे बोलाल ते मी दुपारी सांगणार आहे. आधीच सांगते."

"म्हणून तर गप्प आहे मी."

एक गाल झाला. दुसरा झाला. गळ्यापाशी आल्यावर आबा डोळे न उघडता म्हणाले, "सांग मग त्यांना. आजही सकाळी डोळा उघडल्याचा राग आला. कमी आला, असं सांगून साखर पेरू नकोस. आला, एवढंच सांग."

"आला, एवढंच सांगते," ती म्हणाली.

"आणि तुझ्यावरचाही सांग."