चेहऱ्यावर न आलेलं दुखणं

लहानपणी मी घरामागच्या पेरूच्या झाडावरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. मी रडले नाही. हात धुतला, शाळेत जाऊन आले. संध्याकाळी जेवायला बसल्यावर डाव्या हाताने भात कालवायला लागले, तेव्हा आईच्या लक्षात आलं. ती मला घेऊन खालापूरला दवाखान्यात गेली. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, पोरीला फार लागलेलं दिसत नाही. आई म्हणाली, "तिच्या तोंडाकडं नका बघू. हाताकडं बघा."

आई होती तोवर माझं दुखणं तीच सांगायची. मी ताटातलं अर्धं ठेवलं की तिला कळायचं, मी एकाच जागी फार वेळ बसले तरी कळायचं. ती कुणाला काही समजावत नसे, फक्त माझ्या वतीने बोलत असे. ती गेल्यावर गावचं घर आणि भातशेती भावाकडे राहिली आणि मी कर्जतला भिसेगावात एका खोलीची जागा घेऊन राहायला आले. मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. काम घरीच येतं आणि घरूनच जातं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की मला ते दाताखाली खडा आल्यासारखं लागतं, त्यामुळे हे काम मला जमतं. भाऊ म्हणाला होता, एकटी राहशील का? मी हो म्हटलं. एकटं राहणं मला येत होतं. एकटीने आजारी पडणं येत नव्हतं, पण ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

तीन-चार वर्षांपूर्वी गौरी-गणपतीला मी भावाकडे गेले होते. घरात पाहुणे, अंगणात झांजा, स्वयंपाकघरात कुकर आणि बायकांचं बोलणं, सगळं एकाच वेळी. अशा गर्दीत माझ्या पोटात नेहमीच पिळल्यासारखं होतं. या वेळी जरा जास्त होत होतं, एवढंच. मी आतल्या खोलीत तांदळाच्या कणगीला टेकून बसले. वहिनी दोनदा बोलवायला आली आणि मग यायची थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी परत आले. वाटलं, आपल्या खोलीत शांत बसलं की पीळ सुटेल.

सुटला नाही. मी स्टेशनजवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, किती दुखतंय? मी विचार केला. खूप दुखणं म्हणजे काय असतं, ते मला कुणाच्या तरी तुलनेत सांगायला हवं होतं, आणि दुसऱ्याचं दुखणं मला कुठे माहीत होतं? म्हणून मी खरं ते सांगितलं, "मध्यम." त्यांनी पोट दाबलं. मी काही बोलले नाही. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. मी एकटीच म्हटल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला. म्हणाले, "मन रमवा कशात तरी. बरं वाटेल."

त्यानंतर दोन दिवसांनी दुखणं अचानक ओसरलं. मी आनंदाने भूगोलाचं एक अख्खं प्रकरण तपासलं. पोटातलं अपेंडिक्स फुटल्यावर काही वेळ असं बरं वाटू शकतं, हे मला नंतर सांगण्यात आलं. दुपारी मला थंडी वाजायला लागली. पेन्सिल हातात धरवेना. मी समोरच्या काकूंचं दार वाजवलं. त्या पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. कचऱ्याची गाडी आली का, यापलीकडे आमचं कधी बोलणं झालं नव्हतं.

मी म्हटलं, "मला वाटतं, मी आजारी आहे."

"वाटतं म्हणजे?" असं म्हणत त्यांनी माझा हात धरला आणि लगेच चपला घालायला वळल्या. रिक्षा त्यांनीच बोलावली.

शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर मोठे डॉक्टर म्हणाले, इतके दिवस कसं सहन केलंत? सहन करायला आधी दुखतंय हे धड कळावं लागतं. मला पोटातलं दुखणं, भीती आणि भूक यांतला फरक पटकन कळत नाही. सगळं एकाच दारातून आत येतं आणि दारावर नाव लिहिलेलं नसतं.

वॉर्डात फार हाल झाले, पण ते टाक्यांचे नव्हते. डोक्यावरची ट्यूबलाइट लुकलुकत होती, शेजारच्या खाटेवरचे लोक मोबाइलवर मोठ्याने व्हिडिओ बघत होते आणि फिनेलचा वास जिभेवर बसला होता. वहिनी भात कापणीच्या तोंडावर घर टाकून माझ्याजवळ राहिली. एकदा तिने मायेने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि मी डोकं झटकून बाजूला केलं. तिचा हात तसाच हवेत राहिला. मला म्हणायचं होतं, आत्ता कशाचाच स्पर्श नको, तू मात्र जाऊ नकोस. त्यातलं काहीच तोंडातून आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती खाटेजवळ न बसता बाहेरच्या बाकावर बसायला लागली.

टाके बघायला एक तरुण डॉक्टरीणबाई येत. माझे डोळे मिटलेले बघून त्यांनी एकदा विचारलं, उजेडाचा त्रास होतो का? मी हो म्हटलं. त्यांनी ट्यूबलाइट बंद करायला लावली. मग रोज थोडं थोडं विचारत गेल्या: शाळेत मैत्रिणी होत्या का, कपड्यांची लेबलं कापता का, फोनवर बोलायच्या आधी वाक्यं ठरवता का? घरी सोडताना म्हणाल्या की पनवेलला एका मानसोपचारतज्ज्ञांना भेटून या. वेड्यासारखं काही नाही, पण तुम्हाला उपयोग होईल.

मी गेले. बऱ्याच खेपा झाल्या. शेवटी तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मला ऑटिझम हा शब्द सांगितला. म्हणाल्या, हा आजार नाही, तुमची घडणच अशी आहे. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून रडले. दुःखाने की सुटल्यासारखं वाटून, हे मला त्याही वेळी ओळखता आलं नाही. चाळिशी उलटल्यावर कळलं होतं की मी माणूसघाणी नव्हते, शिष्ट नव्हते, दगडही नव्हते.

घरी येऊन मराठी शब्द शोधला. स्वमग्नता. माझ्या कामाच्या सवयीने मी त्या शब्दाकडे बराच वेळ बघत राहिले. शुद्धलेखन बरोबर होतं, पण अर्थ माझ्यापुरता चुकला होता. स्वतःत मग्न? माझ्या पोटात पू झाला तरी मला पत्ता नव्हता. मी मग्न असते ती शेजारच्या मिक्सरच्या आवाजात, समोरच्याच्या भुवयांत, आपण आत्ता काय चुकीचं बोललो या विचारात. स्वतःपाशी पोचायलाच मला सगळ्यात उशीर होतो.

हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगण्यासारखा भाऊच होता. कापणी उरकल्यावर गावी गेले. तो खळ्यावर पेंढा रचत होता. मी त्याला सगळं सांगितलं, वाटेत जुळवून ठेवलेल्या वाक्यांत. त्याने मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, "मग औषध काय?"

"औषध नाही."

"मंग कळून काय उपेग गं?"

मी म्हटलं, मला बरं वाटलं, एवढाच. तो मान हलवून पुन्हा पेंढ्याकडे वळला. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक कर. सध्या कुणाला सांगू नको. पोरीची सोयरीक बघतोय आमी. लोकं घराण्यात काय हाय नि काय नाय ते इचारतात."

मी बरं म्हटलं. त्याने रागाने म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. त्याने काळजीने म्हटलं होतं, आणि ती काळजी खोटी नव्हती.

पुढच्या वर्षी भाचीचं जमलं. साखरपुडा चौकच्या एका हॉलमध्ये होता. मी कामातून दिवस मोकळा ठेवला, साडी इस्त्री करून आणली, कानात घालायला कापसाचे बोळेही घेतले. आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला. आवाज प्रेमळ होता. म्हणाली, "तुमाला तो डीजेचा आवाज सोसायचा नाय, ताई. तुमीच सांगितलं ना तसं. उगाच तरास करून घेऊ नका. मागनं निवांत या घरी."

मी भावाला सांगितलं होतं, हे खरं होतं. ऑटिझम हा शब्द कळण्याआधी मी त्यांच्या लेखी शिष्ट होते तरी मला बोलावणं असे, आणि कोपऱ्यात बसायला का होईना, जागा असे. आता सगळे मला समजून घेत होते आणि त्यात माझी जागा गेली होती. आवाज सोसत नाही आणि तरीही यायचं आहे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतात, हे मला फोनवर पटकन मांडता आलं नाही. मी म्हटलं, "बरं."

साखरपुड्याच्या दिवशी मी घरी होते. काकू तोवर मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या होत्या आणि समोरच्या दाराला कुलूप होतं. मी मुद्रितं काढली, पण ओळी सरकेनात. दुपारी साडी नेसले, थोडा वेळ तशीच बसले आणि मग सोडून घडी घातली.

दोन दिवसांनी भाऊ स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मी चहा केला. त्याने फोनवर फोटो दाखवले. भाची छान दिसत होती, मान अगदी माझ्या आईसारखी. मी विचारलं, जेवण कसं होतं, मुलाकडची माणसं कशी आहेत? त्याने एकेक सांगितलं. मग फोन खिशात ठेवत म्हणाला, "समद्यांनी तुजी आठवण काडली."

खरंच काढली की असं म्हणायची पद्धत असते म्हणून म्हणाला, हे मला कळेना. दुसऱ्या कुणाला कदाचित त्याच्या आवाजावरून कळलं असतं. विचारावं असं वाटलं, पण विचारलं तर त्याला वाईट वाटेल एवढं आता मला शिकून माहीत झालं आहे. मी म्हटलं, "लग्नाला मी येणार आहे. आवाज असला तरी."

त्याने माझ्याकडे बघितलं. "ये की," म्हणाला. मग एसटीची वेळ झाली म्हणून उठला. मी दारापर्यंत गेले, तो रस्त्याच्या वळणापलीकडे जाईपर्यंत उभी राहिले आणि आत येऊन दोन्ही कप विसळले.